लॅटिनच्या लेकी आणि उसन्या दिशा

फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश, पोर्तुगीज, रुमानियन या लॅटिनच्या लेकी. आकडे, सूर्य-चंद्र, पाव आणि मीठ यांचे शब्द त्यांनी माहेरूनच आणले. दिशांचे रोजचे शब्द मात्र नाहीत. फ्रेंचमधले नॉर, स्यूद, एस्त, वेस्त काय किंवा स्पॅनिशमधले नोर्ते, सुर, एस्ते, ओएस्ते काय, सगळ्यांचे मूळ जुन्या इंग्रजीत आहे.

लॅटिनकडे दिशांना शब्द नव्हते असे नाही. पूर्व म्हणजे 'ओरिएन्स', उगवणारा. पश्चिम म्हणजे 'ओक्किदेन्स', खाली पडणारा, मावळणारा. दक्षिणेला 'मेरिदिएस', म्हणजे चक्क मध्यान्ह. हा शब्द मुळात 'मेदिदिएस' होता. दोन 'द' जवळजवळ आल्याने पहिल्याचा 'र' झाला. इ.स.पू. पहिल्या शतकातला रोमन पंडित वार्रो सांगतो, की प्राएनेस्ते गावच्या छायायंत्रावर हा शब्द 'द' घालून कोरलेला त्याने स्वतः पाहिला होता. उत्तर म्हणजे 'सेप्तेन्त्रिओनेस'. 'सेप्तेम' म्हणजे सात, आणि 'त्रिओनेस' म्हणजे नांगराचे बैल, असे वार्रोच म्हणतो. आपण ज्या सात ताऱ्यांत ऋषी पाहिले, त्यांत रोमच्या शेतकऱ्याने बैल पाहिले.

मध्यान्हावरून दक्षिण ओळखणे रोमच्या अक्षांशावर बिनचूक जमते, कारण तिथे दुपारचा सूर्य वर्षभर दक्षिणेलाच असतो. मुंबईत ते जमणार नाही. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत इथला मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो.

मग इंग्रजी-जर्मनच्या जर्मानिक कुळातले शब्द आले कुठून? पहिला संशय फ्रान्सवर राज्य केलेल्या जर्मानिक फ्रँक लोकांवर जातो, आणि त्याला आधारही आहे. फ्रँकांचा राजा शार्लमेन याचा चरित्रकार आइनहार्ड नोंदवतो, की या राजाने १२ वाऱ्यांना आपल्या भाषेत नावे दिली. त्यांत पूर्वेचा वारा 'ओस्त्रोनी', दक्षिणेचा 'सुंद्रोनी'. पण इथेच पुरावा उलटतो. फ्रँक 'सुंद्रोनी'त अनुस्वार आहे, फ्रेंच 'स्यूद'मध्ये नाही. जुन्या इंग्रजीने मात्र या शब्दातला 'न' गाळून 'सूथ' केला होता. तसेच फ्रँकांचे 'ओस्त' फ्रेंचमध्ये आले असते तर 'एस्त' झाले नसते. ते इंग्रजी 'एआस्त'शी जुळते. म्हणजे शब्द राजदरबारातून आले नाहीत, इंग्लंडच्या बाजूने आले. फ्रेंच लिखाणात ते १२व्या शतकापासून दिसतात आणि तिथून दक्षिणेकडे पसरतात. पोर्तुगीज 'लेस्ते'मधला 'ल' तर फ्रेंच उपपद आहे: 'ल एस्त' एकत्र ऐकले आणि तसेच उचलले.

हे शब्द टिकले ते जोडाक्षरासारखे सांधता येतात म्हणून, हे कारण सर्वांत पटणारे आहे. होकायंत्राच्या ३२ बिंदूंना 'नॉर-नॉर-एस्त' अशी नावे सहज देता येतात. सात बैल आणि मध्यान्ह यांची अशी जोडणी करून पाहा! शिवाय 'दुपार' हाच शब्द वेळेलाही आणि दिशेलाही वापरला, तर सुकाणूवर घोटाळा ठरलेला.

भूमध्य समुद्रावरच्या खलाशांनी तिसरीच वाट धरली होती: दिशेला वाऱ्याचे नाव. उत्तरेला 'त्रामोंताना', म्हणजे डोंगरापलीकडचा. पूर्वेला 'लेवान्ते', पश्चिमेला 'पोनेन्ते', दक्षिणेला लॅटिन 'आउस्तेर'वरून 'ओस्त्रो'. जुने नकाशे वाचताना फसगत होते ती इथेच. 'ओ' (O) हे एकच अक्षर इटालियन वातचक्रावर, म्हणजे वाऱ्यांच्या दिशा दाखवणाऱ्या चक्रावर, दक्षिण (ostro), फ्रेंच नकाशावर पश्चिम (ouest) आणि जर्मन नकाशावर पूर्व (Ost) दाखवते. 'एल' (L) हे अक्षरही लेवान्तेचे की लिबेच्चो या नैर्ऋत्य वाऱ्याचे, हे जागा पाहूनच ठरवावे लागते. म्हणून अनेक नकाशांवर लिबेच्चोसाठी त्याच्या 'आफ्रिकुस' या लॅटिन नावाचा 'ए' (A) आणि पूर्वेला क्रूस असे. नकाशा कोणत्या भाषेचा आणि कोणत्या काळाचा, हे आधी पाहावे, मग अक्षर वाचावे.

लॅटिन शब्द मेले नाहीत, त्यांचे काम बदलले. दक्षिण इटली आजही 'मेद्झोजोर्नो', दक्षिण फ्रान्स 'मिदी', दोन्हींचा अर्थ मध्यान्ह. रुमानियनने सर्वांत जास्त जपले: नोर्द-सुदच्या जोडीला तिथे 'मियाझनोआप्ते' (मध्यरात्र, म्हणजे उत्तर) आणि 'मियाझझी' (मध्यान्ह, म्हणजे दक्षिण) अजून आहेत.

या उसन्या शब्दांपैकी एक आपल्या किनाऱ्यालाही लागला. वसई, चौल, दमण हा मुलूख पोर्तुगीज कागदपत्रांत 'प्रोव्हिन्सिया दो नोर्ते', उत्तरेचा प्रांत. १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकली ती वसई याच 'नोर्ते'ची राजधानी.