स्लॅबवर परत आलेला उतार

रत्नागिरी-सिंधुदुर्गात गावोगाव दिसते: सिमेंटचा सपाट स्लॅब, आणि दोन-चार पावसाळे गळल्यावर त्याच्या डोक्यावर चढवलेला उतरता पत्रा. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या मुलखात दुसरे काय होणार?

हा उतार जुनाच. लावणीच्या वेळी पाठीवर घ्यायचे इरले आणि घराची दोन पाखी, म्हणजे छपराच्या दोन उतरत्या बाजू, दोघांचे काम एकच, पाणी थांबू द्यायचे नाही. पाखे पुढे पडवीवर उतरते, म्हणून तिरकी सर मातीच्या भिंतीपर्यंत पोचत नाही. छपराची शाकारणी आधी गवताची आणि झापांची (विणलेल्या माडाच्या झावळ्यांची), मग कुंभाराच्या नळीच्या कौलांची. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कारखाना काढला आणि एकमेकांत अडकणारी चपटी कौले किनाऱ्याने वर आली. आपले 'अस्सल कोकणी' कौल हे असे मिशनऱ्यांचे. असो.

दगड मात्र इथलाच. बेसाल्ट ऊन-पावसात लाखो वर्षे झिजून, कुजून जांभा झाला. खाणीत ओला असताना तो तासता येतो, वारा लागला की कडक होतो. चिरे भाजायला भट्टी लागत नाही. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश डॉक्टरने १८०७ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात, मलबारातला हाच दगड पाहून, त्याला 'लॅटराइट' म्हटले. लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट. रत्नागिरीचा थिबा राजवाडा (१९१०) याच जांभ्याचा.

निसर्गाकडून बांधकाम शिकण्याला 'बायोमिमिक्री' हे नाव रुळले ते १९९७ मध्ये जेनिन बेन्युस यांच्या पुस्तकाने. त्याच वर्षी जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ बार्थलॉट आणि नाइनहुइस यांनी कमळाच्या पानावरचा थेंब धूळ घेऊन का घरंगळतो ते मांडले. त्यांनी तपासलेल्या पानांत अळूही होते. त्यातून पुढे बाहेरच्या भिंतींसाठी रंग निघाला. आपण परसातल्या त्याच पानावरून वाक्प्रचार काढला आणि थांबलो.

पण जुन्या घराचे गोडवे जपून गावेत. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ धडकले, तेव्हा कौले उडाली, पत्रेही उडाले. त्यानंतर स्लॅब घालणाऱ्याला नावे कशी ठेवणार? तो स्लॅब घालतो, चार वर्षांनी वर पत्रा चढवतो, आणि त्याखाली नारळ, लाकूडफाटा, वाळत घातलेले कपडे येतात. पोटमाळाही परत आला म्हणायचा.