व्यवसाय संशोधनातील शोधनिबंध : शोध आणि वाचन

व्यवस्थापन, वित्त, विपणन, लेखाशास्त्र, उद्योजकता आदी विषयांतले नवे संशोधन ज्या लेखांतून तपशीलवार मांडले जाते, त्यांना शोधनिबंध म्हणतात. विद्यापीठांच्या आवारात ‘पेपर’ हाच शब्द रूढ आहे. हे लेख तज्ज्ञपरीक्षित नियतकालिकांत, म्हणजे जर्नलांत, छापले जातात. संपादक आलेला लेख त्याच विषयातल्या दोन-तीन अभ्यासकांकडे पाठवतो. बहुतेक वेळा लेखकाला परीक्षकाचे आणि परीक्षकाला लेखकाचे नाव कळू दिले जात नाही. आक्षेप येतात, लेख पुन्हा लिहिला जातो, पुन्हा आक्षेप येतात. यात वर्ष-दोन वर्षे सहज जातात. त्यामुळे ताज्या घडामोडींसाठी जर्नल निरुपयोगी. त्याचे मोल वेगळ्या गोष्टीत आहे : निष्कर्षापर्यंत लेखक कसा पोहोचला हे त्याला उघड करावे लागते.

परीक्षण म्हणजे अचूकतेची हमी नव्हे. जुन्या मोटारींच्या बाजारावरून ‘विकणाऱ्याला जे ठाऊक ते घेणाऱ्याला ठाऊक नसते’ हा मुद्दा मांडणारा जॉर्ज अकरलॉफ यांचा लेख तीन नामांकित जर्नलांनी नाकारला होता. तो १९७० साली क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये छापून आला आणि २००१ साली अकरलॉफ नोबेलचे मानकरी ठरले.

विद्वत्पत्रिकांची परंपरा १६६५ पासूनची. व्यवसायविषयक जर्नले मात्र मुख्यतः विसाव्या शतकातली. जर्नल ऑफ मार्केटिंग १९३६ साली, जर्नल ऑफ फायनान्स १९४६ साली, तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह सायन्स क्वार्टर्ली १९५६ साली सुरू झाले. भारतात पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे अर्थविज्ञान (१९५९), मुंबईहून निघणारे इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली (आजच्या नावाने १९६६ पासून) आणि अहमदाबादच्या आयआयएमचे विकल्प (१९७६) ही या क्षेत्रातली जुनी नावे.

मासिक, केस आणि जर्नल

नवख्या अभ्यासकाची सर्वांत मोठी गफलत इथे होते. हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू (१९२२) हे वजनदार प्रकाशन असले तरी ते संपादित मासिक आहे, तज्ज्ञपरीक्षित जर्नल नव्हे. सल्लागार कंपन्यांचे अहवाल तर बऱ्याचदा सेवा विकण्यासाठीच लिहिलेले असतात.

मुंबईच्या डबेवाल्यांना ‘फोर्ब्सने सिक्स सिग्मा प्रमाणपत्र दिले’ हे वाक्य भाषणांत आणि विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत हमखास भेटते. सिक्स सिग्मा म्हणजे दहा लाख संधींमागे ३.४ चुका, हे ठरवायला प्रत्येक चुकीची पद्धतशीर नोंद लागते. फोर्ब्स हे व्यवसायविषयक मासिक आहे, गुणवत्तेची प्रमाणपत्रे देणे हे त्याचे कामच नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूलने २०१० साली डबेवाल्यांवर एक ‘केस’ काढली आणि २०१२ साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूत लेखही आला. पण केस ही वर्गातल्या चर्चेसाठी लिहिलेली असते. तिला पुरावा म्हणून उभे करता येत नाही. यातून डबेवाल्यांची कर्तबगारी उणी ठरत नाही. आकडा कुणी मोजला आणि कसा मोजला, एवढाच प्रश्न आहे, आणि शोधनिबंधाला तो विचारता येतो.

लेख शोधणे

बहुतेकांची सुरुवात गूगल स्कॉलरपासून होते (२००४ पासून उपलब्ध). ते मोफत आहे, पण त्यात जर्नलातले लेख, प्रबंध, कच्चे मसुदे आणि भुरट्या जर्नलांतला मजकूर एकाच रांगेत येतो. एब्स्कोचा बिझनेस सोर्स आणि प्रोक्वेस्टचा एबीआय/इन्फॉर्म हे खास व्यवसायविषयक डेटाबेस. त्यांत ‘फक्त तज्ज्ञपरीक्षित’ अशी चाळणी लावता येते. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या संदर्भांची नोंद ठेवणाऱ्या डेटाबेसांचा खरा उपयोग कुणी कुणाचा संदर्भ दिला हे पाहण्यासाठी.

शोधशब्द इंग्रजीतच द्यावे लागतात, आणि व्यवहारातला शब्द अभ्यासकांच्या शब्दाशी जुळेलच असे नाही. किराणा दुकानांवरचे संशोधन ‘अनऑर्गनाइज्ड रिटेल’, ‘ट्रॅडिशनल ट्रेड’, ‘स्मॉल रिटेलर्स’, इतकेच काय ‘नॅनोस्टोअर’ या नावाखालीही असते. म्हणून पहिल्या फेरीत लेख मिळवण्यापेक्षा शब्द मिळवावेत : एखाद्या चांगल्या लेखाच्या सारांशाखाली दिलेले ‘कीवर्ड’ टिपावेत, ते ‘ऑर’ने जोडावेत, पूर्ण शब्दसमूह अवतरणचिन्हांत टाकावा.

एक भरवशाचा लेख हाती लागला की शोधपेटी बाजूला ठेवलेली बरी. त्याच्या संदर्भसूचीतून मागे जाता येते आणि स्कॉलरमधल्या ‘साइटेड बाय’वरून, म्हणजे त्या लेखाचा संदर्भ देणाऱ्या नंतरच्या लेखांच्या यादीवरून, पुढे. उदाहरणार्थ, ‘व्यवस्थापन सुधारले तर कारखान्याची उत्पादकता वाढते का?’ या प्रश्नावर निकोलस ब्लूम, बेन आयफर्ट, अप्रजित महाजन, डेव्हिड मॅकेंझी आणि जॉन रॉबर्ट्स यांचा २०१३ सालचा क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्समधला लेख आहे. प्रयोग झाला तो मुंबईजवळच्या तारापूर आणि उंबरगावच्या कापड गिरण्यांत. ‘साइटेड बाय’ने पुढे गेले की त्याच गिरण्यांत सुमारे नऊ वर्षांनी केलेल्या पाहणीचा २०२० सालचा लेख सापडतो. केवळ पहिल्याच लेखावर थांबणाऱ्याला अर्धीच गोष्ट कळते.

मजकूर मिळवणे

जर्नलांची वर्गणी अवाढव्य असते आणि एकेक लेख विकत घेणे विद्यार्थ्याला परवडणारे नसते. केंद्र सरकारची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद, ३० प्रकाशक आणि सुमारे १३,००० जर्नले असा तिचा आवाका; सरकारी उच्च शिक्षणसंस्था आणि केंद्रीय संशोधनसंस्था यांच्यासाठी ती आहे. खासगी महाविद्यालयातला विद्यार्थी किंवा स्वतंत्र अभ्यासक तिच्या बाहेर राहतो. त्याच्यासाठी वाट असते ‘वर्किंग पेपर’ची : एसएसआरएन, रीपेक किंवा एनबीईआर या कच्चे लेख उपलब्ध करून देणाऱ्या ठिकाणी लेखाची परीक्षणापूर्वीची आवृत्ती बहुधा मिळते. वरचा गिरण्यांवरचा लेखही छापून येण्याच्या दोन वर्षे आधी एनबीईआरकडे होता. मात्र परीक्षणात आकडे आणि दावे बदलतात, म्हणून उद्धृत करताना कोणती आवृत्ती वाचली ते सांगावे. लेखकाला ईमेल करून प्रत मागणे हाही शिष्टसंमत मार्ग आहे. लोक उगाच संकोचतात.

जर्नलाची पारख

पैसे घेऊन, परीक्षणाचे नुसते नाटक करून काहीही छापणारी जर्नले भारतात फोफावली, याचे मोठे कारण म्हणजे अध्यापकांची नेमणूक आणि बढती लेखांच्या संख्येशी बांधली गेली. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०१८ मध्ये आपल्याच मान्य यादीतून ४,३०५ जर्नले वगळली. त्यानंतर मान्य जर्नलांची ‘केअर’ ही नवी यादी आली. तिचे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चाले. २०२५ मध्ये आयोगाने तीही बंद करून पारख संस्थांवर सोपवली. व्यवसाय विषयांत ऑस्ट्रेलियन बिझनेस डीन्स कौन्सिलची यादी (ए-स्टार, ए, बी, सी) सर्रास वापरली जाते. याद्या उपयोगी आहेत, पण वरच्या दर्जाची जर्नले अमेरिका-युरोपकेंद्रित असल्यामुळे भारतीय लघुउद्योगांवरचे चांगले काम खालच्या श्रेणीत दडलेले असू शकते. ‘सात दिवसांत प्रकाशन’ असे आमंत्रण देणाऱ्या जर्नलासाठी यादी बघण्याचीही गरज नाही.

वाचन

शोधनिबंध पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सलग वाचायचा नसतो. अनुभवी वाचक सारांश, प्रस्तावनेची शेवटची पाने आणि निष्कर्ष आधी पाहतो, मग तक्ते. लेख कामाचा वाटला तरच पद्धतीच्या भागात शिरतो. सिद्धान्ताची लांबलचक चर्चा पहिल्या वाचनात सोडली तरी चालते. पद्धत आणि तक्ते मात्र सोडून चालत नाही, आणि नेमके तेच बहुतेक जण सोडतात.

गिरण्यांचाच लेख घेऊ. सारांश सांगतो, मोफत सल्ला मिळालेल्या गिरण्यांची उत्पादकता पहिल्या वर्षी १७ टक्क्यांनी वाढली. पद्धतीच्या भागात कळते की कंपन्या १७, त्यांचे कारखाने २८. प्रत्यक्ष प्रयोगात २०, त्यांपैकी १४ कारखान्यांना पूर्ण सल्ला मिळाला आणि ६ तुलनेसाठी ठेवले. नमुना इतका लहान असल्यामुळे लेखकांनी लहान नमुन्यासाठीच्या वेगळ्या सांख्यिकी चाचण्याही दिल्या आहेत. सल्ला कुणाला मिळावा हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले, म्हणून फरकाचे श्रेय सल्ल्याला देता येते. पण या मोठ्या, कुटुंबाच्या मालकीच्या विणाई कंपन्या होत्या. इचलकरंजीच्या चार मागांच्या कारखान्याला तोच १७ टक्क्यांचा आकडा लावणे चुकीचे. याच लेखात एक मजेदार निष्कर्षही आहे : कंपनी किती मोठी, हे ठरवणारा प्रमुख घटक म्हणजे मालकाच्या कुटुंबात पुरुष किती. बाहेरच्या व्यवस्थापकावर विश्वास टाकायचा नाही, म्हणून घरचे जितके, तितकाच व्याप. आणि २०२० च्या लेखात दिसते की मूळ कारखान्यांत स्वीकारलेल्या पद्धतींपैकी सुमारे निम्म्या गळाल्या होत्या, तरीही सल्ला न मिळालेल्यांपेक्षा हे कारखाने पुढेच होते. व्यवस्थापक सोडून जाणे आणि संचालकांना वेळ नसणे ही गळतीची मुख्य कारणे.

असे प्रयोग व्यवसाय संशोधनात थोडे. बहुसंख्य लेख प्रश्नावलीवर आधारलेले असतात, आणि तिथे वेगळे प्रश्न विचारावे लागतात. उत्तरे देणारे खरे ग्राहक होते की लेखकाच्याच वर्गातले विद्यार्थी? कारण आणि परिणाम दोन्ही एकाच माणसाला एकाच बैठकीत विचारले का? तसे असेल तर ‘समाधानी कर्मचारी जास्त निष्ठावान असतो’ हा निष्कर्ष त्याच्या त्या दिवसाच्या मनःस्थितीचाही असू शकतो. तक्त्यात आकड्यांपुढे छापलेले तारे (*) दोन गोष्टींमधला संबंध निव्वळ योगायोगाचा नसावा एवढेच सुचवतात. तो किती मोठा आहे हे शेजारच्या आकड्यातून वाचायचे असते. मोठ्या नमुन्यात क्षुल्लक फरकालाही तीन तारे मिळतात.

उद्धृत करण्यापूर्वी लेख मागे घेतला गेला आहे का, हेही पाहावे. अर्जाच्या शेवटी सही घेण्याऐवजी सुरुवातीला घेतली तर लोक प्रामाणिक माहिती देतात, असे सांगणारा २०१२ सालचा लेख वर्तणूक संशोधनात फार गाजला. पुढे मूळ लेखकांनाच नव्या प्रयोगांत तो परिणाम दिसला नाही, मग त्यातल्या मोटार विम्याच्या आकडेवारीत बनावट आढळली आणि २०२१ साली तो मागे घेण्यात आला. जुन्या पीडीएफवर याची खूण नसते. प्रकाशकाच्या पानावर आणि मागे घेतलेल्या लेखांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचच्या मोफत डेटाबेसमध्ये ती सापडते.