फर्नेसचे शॉर्ट सायकलिंग

शॉर्ट सायकलिंग : घर तापवणारी फर्नेस सुरू होऊन खोली पुरती उबदार होण्याआधीच बंद पडणे, थोड्या वेळाने पुन्हा पेटणे आणि हेच दिवसभर चालू राहणे. ही फर्नेस म्हणजे लोहाराची किंवा कारखान्यातली भट्टी नव्हे. अमेरिका-कॅनडातल्या घरांत, बहुधा तळघरात, बसवलेले हे यंत्र बहुतेक ठिकाणी नैसर्गिक वायूवर चालते आणि गरम हवा पत्र्याच्या नळांतून खोल्याखोल्यांत पोचवते. भारतातून तिकडे गेलेल्या मराठी कुटुंबांची त्याच्याशी गाठ पहिल्या हिवाळ्यातच पडते. कडाक्याच्या थंडीत फर्नेस तासभर अखंड चालली तर तो दोष नाही. दोन-तीन मिनिटांत ती पुनःपुन्हा थांबते, तेव्हा काहीतरी बिघडलेले असते.

खोलीचे तापमान पाहणाऱ्या थर्मोस्टॅटने उष्णता मागितली की आधी धूर ओढणारा छोटा पंखा फिरतो. पुरेसा ओढा निर्माण झाल्याचे प्रेशर स्विचला कळले की इग्नायटर लालभडक होतो, वायूची झडप उघडते आणि बर्नर पेटतात. मग अर्ध्या-एक मिनिटाने गरम हवा खोल्यांकडे ढकलणारा मोठा पंखा, म्हणजे ब्लोअर, सुरू होतो. या साखळीतली एक कडी जरी निसटली तरी ज्योत विझते. म्हणून दोष शोधायला घड्याळासारखे हत्यार नाही. पेटल्यापासून किती वेळाने ज्योत गेली आणि ती गेल्यावर काय चालू राहिले, एवढे नीट पाहिले तरी निम्मे काम होते. ही साखळी चालवणाऱ्या कंट्रोल बोर्डावरचा दिवा ठरावीक वेळा लुकलुकून दोषाचा संकेत देतो; त्याचा अर्थ बहुधा फर्नेसच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या तक्त्यात असतो. वीज बंद करण्याआधी ती लुकलुक मोजून घ्यावी, कारण काही बोर्डांची आठवण विजेबरोबरच पुसली जाते.

पेटून काही सेकंदांतच ज्योत जात असेल, तर पहिला संशय फ्लेम सेन्सरवर. ही पेन्सिलीहून बारीक धातूची कांडी ज्योतीत बुडालेली असते. ज्योतीतून वाहणारा काही मायक्रोअँपिअरचा प्रवाह तिच्यामार्फत बोर्डाला मिळतो आणि ज्योत आहे हे बोर्डाला त्यावरून समजते. कांडीवर पांढुरके पुट चढले की प्रवाह घटतो आणि बोर्ड गॅस तोडतो. वीज व गॅस बंद करून एक स्क्रू काढावा, कांडी बाहेर घेऊन बारीक स्टील वूलने हलक्या हाताने घासावी. अनेकदा एवढ्यानेच भागते.

तीन-चार मिनिटे चालून ज्योत विझली, पण ब्लोअर मात्र फिरतच राहिला, तर यंत्र अति तापले आणि लिमिट स्विचने, म्हणजे अशा वेळी गॅस तोडणाऱ्या सुरक्षा-स्विचने, ज्योत बंद केली असे समजावे. सर्वांत जास्त आढळणारा प्रकार हाच, आणि त्याचे मूळ बहुतेक वेळा हवेच्या तुंबलेल्या फिल्टरमध्ये असते. फिल्टर काढून खिडकीपुढे धरावा; पलीकडचा उजेड दिसत नसेल तर तो टाकून द्यावा. एक इंच जाडीचा फिल्टर एक ते तीन महिन्यांत बदलावा लागतो. नवा बसवताना कडेवरचा बाण फर्नेसच्या दिशेने ठेवावा. हवा जास्त स्वच्छ व्हावी म्हणून लावलेला फार दाट फिल्टरही काही फर्नेसना गुदमरवतो. काटकसरीच्या सवयीने न वापरत्या खोल्यांतल्या गरम हवेच्या जाळ्या बंद केल्या, एखादीवर गालिचा पसरला, की उष्णता आतच कोंडते. त्यातून गॅस वाचतो हा समज चुकीचा आहे. लिमिट स्विचला वायर जोडून त्याला वगळणे मात्र जिवावर बेतणारे आहे. अति तापून हीट एक्स्चेंजरला, म्हणजे ज्योतीची उष्णता हवेला देणाऱ्या धातूच्या भागाला, तडा गेला, तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू घरात शिरू शकतो, आणि त्याला वासही नसतो. त्याचा इशारा देणारे यंत्र वाजले की सगळ्यांनी आधी घराबाहेर पडावे, फोन बाहेरून करावा.

नव्या, जास्त कार्यक्षम फर्नेसमध्ये बाहेर गेलेला प्लॅस्टिकचा नळ बर्फाने बुजणे किंवा आतल्या पाण्याचा निचरा अडणे यानेही प्रेशर स्विच गॅस तोडतो. नळापुढचा बर्फ हाताने काढता येतो.

कधी फर्नेस धडधाकट असते आणि थर्मोस्टॅटच फसतो. गरम हवेच्या जाळीसमोर किंवा उन्हाच्या भिंतीवर तो बसवला असेल, तर घर गार असतानाच त्याला ते उबदार वाटते. सर्वांत चिवट कारण म्हणजे घराच्या मानाने मोठी फर्नेस. जुनी होती तेवढ्याच ताकदीची नवी बसवली जाते. दरम्यान खिडक्या बदललेल्या असतात, माळ्यावर इन्सुलेशन घातलेले असते, आणि त्याचा हिशेब कोणी करत नाही. थर्मोस्टॅटजवळची हवा चटकन तापते, टोकाच्या खोल्या गारच राहतात. इथे साफसफाईचा उपयोग नाही. ‘मॅन्युअल जे’ (Manual J) नावाच्या हिशेबाच्या पद्धतीने घराची उष्णतेची गरज मोजून योग्य क्षमतेची किंवा दोन टप्प्यांत जळणारी फर्नेस घ्यावी लागते.