ती परत नांदायला जाते तेव्हा : कोकणातल्या परतीच्या वाटेची पार्श्वभूमी

मैत्रीण मार खाऊन घराबाहेर पडते, चार माणसं तिच्यासाठी धावाधाव करतात, आणि पंधरा दिवसांत ती पुन्हा त्याच घरी नांदायला जाते. धावणारी माणसं दुखावतात. ‘एवढं सगळं केलं ते कशाला?’ असं म्हणून पुढच्या वेळी फोन उचलायलाही नकोसं होतं. तिच्या परत जाण्याचं कारण मग तिच्या भाबडेपणात शोधलं जातं. पण ती ज्या वाटेने परत जाते ती वाट कायद्याने, जमिनीच्या कागदांनी आणि गावकीने मिळून दीडशे वर्षांत चांगली रुंद केलेली आहे. बाहेर पडायची वाट मात्र अजून पायवाटच आहे. मदत करणाऱ्याला हे ठाऊक असलं तर राग बराच कमी होतो आणि हातून कामही नेमकं होतं.

कायद्यापासून सुरुवात करू. १८८४ साली दादाजी भिकाजी यांनी मुंबई हायकोर्टात दावा लावला. अकराव्या वर्षी लग्न लागलेली त्यांची बायको रखमाबाई नांदायला येत नव्हती, तिला कोर्टाने पाठवावं ही मागणी. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी ती फेटाळली. अपिलात पारडं फिरलं, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाईंना सांगितलं की नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने तुरुंग. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, आणि पुढे त्या लंडनहून डॉक्टर होऊन आल्या.

रखमाबाई सुटल्या, पण तो दावा सुटला नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कलम ९ म्हणून तो तसाच आला. आंध्र प्रदेश हायकोर्टाने १९८३ मध्ये हे कलम घटनाबाह्य ठरवलं, सुप्रीम कोर्टाने १९८४ मध्ये ते वैध ठरवलं. आजही माहेरी आलेल्या बाईच्या हाती पोस्टमन जो लिफाफा देतो, त्यात बहुतेक वेळा ‘आठ दिवसांत नांदायला या’ अशी वकिलाची नोटीस असते. माहेरची माणसं घाबरतात, आता पोलीस येऊन घेऊन जातील असं त्यांना वाटतं. किती तरी बायका निव्वळ या कागदाच्या धास्तीने परत गेल्या आहेत. म्हणून मैत्रिणीने एवढं पाठ करून ठेवावं: वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. कोर्टाने हुकूम केला तरी कुणीही तिला उचलून सासरी नेऊ शकत नाही, कारण या हुकमासाठी कैदेची तरतूद १९२३ सालीच गेली. हुकूम न पाळल्यास मालमत्तेवर जप्ती येऊ शकते, आणि वर्षभर पाळला गेला नाही तर तो घटस्फोटाचा आधार होतो. जाण्यास नकार देण्याचं पुरेसं कारण असेल तर अशा हुकमानंतरही पोटगी मिळू शकते, हे सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे. नोटिशीला उत्तर मात्र द्यायलाच हवं, आणि त्या उत्तरात मारहाणीच्या तारखा यायला हव्यात. मोफत वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मिळतो. स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, आणि १५१०० हा त्यांचा फोन आहे.

परत जाण्याबद्दल कायद्याचं आणखी एक म्हणणं आहे, आणि ते फार थोड्यांना माहीत असतं. घटस्फोटाच्या खटल्यात समोरचा वकील हमखास विचारतो, ‘एवढा छळ होता तर परत का गेलात?’ छळ माफ केला असेल तर तो आधार धरता येत नाही, असं कायद्यात आहेच. १९७५ च्या दास्ताने खटल्यात सुप्रीम कोर्टाने त्याचा अर्थ लावला: माफी ही नेहमी सशर्त असते, आणि छळ पुन्हा झाला तर आधीचा माफ झालेला छळही पुन्हा जिवंत होतो. ती परत गेली म्हणून मागचं सगळं पुसलं गेलं, असं होत नाही. जुन्या जखमांचे कागद जपून ठेवायचे ते याचसाठी.

आता कोकणाकडे. इथल्या संसाराला चाकरमानीपणाने वेगळा आकार दिला. एकोणिसाव्या शतकात मुंबईत गिरण्या उभ्या राहिल्या, नवरा गिरणगावात गाळ्यावर राहू लागला आणि बायको गावी सासू-सासऱ्यांच्या हाताखाली. २०११ च्या जनगणनेतही रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया आहेत, त्याचं मोठं कारण हेच. मनीऑर्डर यायची ती सासऱ्याच्या नावे. शेत, गुरं, घर सगळं तिने राखायचं आणि पैसा तिच्या हाताला लागायचा नाही. जानेवारी १९८२ च्या संपानंतर गिरण्या बुडाल्या, पुष्कळ माणसं कायमची गावी आली. बंदरपट्ट्यात जून-जुलैच्या मासेमारी बंदीत नवरा घरी आणि हातात पैसा नाही, अशी दर वर्षीची ओढाताण असते. यातलं काहीही हात उगारण्याचं कारण ठरत नाही. तंगीत हात न उगारणारे पुरुष त्याच वाडीत पुष्कळ असतात.

जाईल कुठे, हा प्रश्न मग जमिनीपाशी येतो. कोकणातला सातबारा उघडून बघावा: दहा-बारा गुंठ्यांवर तीस-चाळीस नावं, सगळं सामाईक, निम्मे खातेदार वारलेले. सासरच्या उताऱ्यावर सुनेचं नाव नसतं. माहेरच्या उताऱ्यावर मुलीचं नाव लागायचा हक्क महाराष्ट्रात जून १९९४ पासून, देशभर २००५ पासून आहे, पण भाऊबीज आणि माहेरपण टिकावं म्हणून ती हक्कसोड करून देते. त्यानंतर माहेरी ती पाहुणी. पाहुणी किती दिवस राहणार? म्हणूनच ‘गो बाय, घोवाचा घर सोडून खय जातलस?’ (नवऱ्याचं घर सोडून कुठे जाशील?) हा प्रश्न आईच्या तोंडून येतो. त्यात दुष्टावा नसतो, तो घरातल्या कागदांचा हिशेब असतो. मैत्रिणीने हक्कसोडपत्रावर सही करण्याबद्दल विचारलं, तर ‘वकिलाला दाखवल्याशिवाय करू नको’ एवढं एकच वाक्य पुढच्या वीस वर्षांची मदत ठरू शकतं.

तिसरी गोष्ट गावकी. नवरा-बायकोचं भांडण देवळात किंवा मांडावर (गावाने जमायच्या जागी) चार मानकऱ्यांपुढे मिटवायची जुनी रीत आहे, आणि मिटवणं म्हणजे बाईला परत धाडणं. न जुमानणाऱ्याला वाळीत टाकायचं. मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं तेव्हा गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला, आणि त्याची झळ घरच्यांनाही लागली. रायगड-रत्नागिरीत वाळीत टाकण्याच्या तक्रारी अगदी अलीकडेपर्यंत येत राहिल्या, आणि २०१७ पासून सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा राज्यात लागू झाला. वाडीतली मैत्रीण बहुधा भावकीतलीच असते, नात्याने जाऊ किंवा नणंद. तिने उघड बाजू घेतली तर उद्या तिच्या घरच्या कार्याला कोण येईल, हा तिचाही प्रश्न असतो. मदत करणारी एकटी असू नये, दोघी-तिघी असाव्यात. बचत गट त्यासाठी बरा: बायका एकत्र जमल्या तर कुणी ‘कशाला जमलात’ असं विचारत नाही.

१५ ऑगस्ट २००७ ला तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली आणि समझोत्याला कागद मिळाला. स्टॅम्प पेपरवर ‘यापुढे मारहाण करणार नाही’ असं लिहून सह्या होतात. अशा कागदात बिघडतं ते असं: झालेल्या मारहाणीचा उल्लेखच नसतो, ‘किरकोळ वाद’ असं लिहिलेलं असतं. ‘माझीही चूक झाली’, ‘न विचारता माहेरी जाणार नाही’, ‘सर्व तक्रारी मागे घेते’ ही वाक्यं हळूच घातलेली असतात. आणि तो मोडला तर पुढे काय, हे कुठेच नसतं. सही करायचीच असेल तर घटनांच्या तारखा घालून घ्याव्यात, ही तीन वाक्यं काढून टाकावीत, आणि झेरॉक्स त्याच दिवशी माहेरी किंवा मैत्रिणीकडे जावी.

बाहेर पडायची वाट रुंद करायला सुरुवात झाली ती १९८० च्या दशकात. पुण्यातल्या विवाहिता मंजुश्री सारडा यांच्या संशयास्पद मृत्यूनंतर १९८२ मध्ये तिथेच नारी समता मंच ही संघटना उभी राहिली. १९८३ मध्ये नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेला छळ गुन्हा ठरवणारं कलम ४९८-अ आलं (आता भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८६). १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांत महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. त्याच सुमारास जगभर ‘ती परत का जाते’ यावर अभ्यास होत होता. अमेरिकेतल्या लेनोर वॉकर यांनी १९७९ मध्ये चक्र मांडलं: ताण वाढतो, स्फोट होतो, मग गोडीचे दिवस येतात. कोकणातले गोडीचे दिवस पंचांगावर दाखवता येतात. गणपतीला घरची सून हवी, गौरीचा ओवसा (सुनेने गौरीपुढे करायचा विधी) चुकायला नको, म्हणून दीर किंवा मामेसासरे न्यायला येतात. शिमग्याला तेच. जूनमध्ये मुलांची शाळा. मैत्रिणीने या तारखांच्या आठवडाभर आधी तिच्याशी बोलून घ्यावं, कारण ‘जायचंच असेल तर कोणत्या अटीवर’ हे शांतपणे ठरवायला तेवढाच वेळ असतो.

२६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झालेल्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने पहिल्यांदा हे मान्य केलं की बाईला घर सोडायचं नसेल, फक्त मार थांबायला हवा असेल. त्याच घरात राहण्याचा हक्क, संरक्षण आदेश आणि खर्चाची रक्कम असं सगळं एकाच अर्जात मागता येतं. तालुक्याचा संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल भरतो. अर्ज थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही करता येतो. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत व्हावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ लागतो, म्हणून प्रतिज्ञापत्रासह अंतरिम आदेश पहिल्याच दिवशी मागावा. आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आमच्या मते सगळ्यात मोलाचं कलम २५ आहे: संरक्षण आदेश ती स्वतः रद्द करून मागेपर्यंत चालू राहतो. ती नांदायला गेली म्हणून तो आपोआप संपत नाही. त्यामुळे परत जाताना अर्ज मागे घेण्याची अट तिने मानू नये, यासाठी मैत्रिणीने जोर लावावा. शेजारीण किंवा मैत्रीणही संरक्षण अधिकाऱ्याला खबर देऊ शकते. सद्भावनेने दिलेल्या खबरीसाठी तिच्यावर दावा होऊ शकत नाही.

एवढं असूनही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी ७७ टक्क्यांनी ना मदत मागितली होती, ना कुणाला सांगितलं होतं. जी मैत्रीण तुम्हाला सांगते ती आधीच एक मोठा उंबरठा ओलांडून आलेली असते. परत गेल्यावर ‘मी म्हटलं नव्हतं?’ हे वाक्य तो उंबरठा पुन्हा उंच करतं. नवऱ्याला शिव्या घातल्या तर ती त्याची बाजू घेऊ लागते, आणि दोघींचं बोलणं त्याच्यावरच अडकतं. ‘तू जाऊ नको’ किंवा ‘तू जा’ यांपैकी काहीच न म्हणता ‘कधीही ये, रात्री-बेरात्री ये’ एवढं म्हणावं आणि तसं वागावं. फोनवर खूण ठरवावी. ‘कोकमाची आगळ पाठव’ असा निरोप आला तर पोलिसांना ११२ वर फोन करायचा, असं काही तरी साधं. सासरचे ऐकत असतील तर ‘हो-नाही’त उत्तरं देता येतील असेच प्रश्न विचारावेत. तिच्या फोनवर लेखी सल्ले पाठवू नयेत. व्हॉट्सॲपमधली जोडलेली उपकरणं आणि लोकेशन शेअरिंग आधी तिला तपासायला सांगावं.

आधार, रेशनकार्ड, लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, पासबुक, दागिन्यांच्या पावत्या, दवाखान्याचे कागद यांच्या झेरॉक्स मैत्रिणीच्या घरी असाव्यात. मूळ कागद एकदम हलवले तर संशय येतो, म्हणून एकेक करून. जखम झाली असेल तर सरकारी दवाखान्यात जावं. डॉक्टरांना ‘पडले’ न सांगता ‘नवऱ्याने मारलं’ असंच सांगावं आणि केसपेपरवर ते लिहून घ्यावं.

एका बाबतीत मात्र वाट बघायची नाही. त्याने गळा दाबला असेल तर अंगावर वळ नसला तरी त्याच दिवशी दवाखाना. आवाज बसणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके, थोडा वेळ शुद्ध जाणं ही लक्षणं धोक्याची, आणि त्रास काही तासांनी किंवा दिवसांनीही वाढू शकतो. गळा दाबणारा नवरा पुढे जीव घेण्याची शक्यता इतरांपेक्षा खूपच जास्त असते. कोयता दाखवणं, गरोदरपणात मारणं, सतत पाळत ठेवणं, ‘तुला मारून मी मरेन’ म्हणणं यांनाही तेवढंच गांभीर्य द्यावं. आणि ती घर सोडते तेव्हा व त्यानंतरचे काही आठवडे सर्वांत धोक्याचे असतात, म्हणून रागाच्या भरात ‘आत्ताच्या आत्ता निघ’ असं म्हणणं अंगाशी येऊ शकतं. कुणाकडे, कोणत्या गाडीने, मुलं शाळेत असताना की नसताना, हे ठरल्यावरच निघावं.

आता परत जाणं म्हणजे पुष्कळदा वरच्या वाडीला जाणं राहिलेलं नाही. दिव्याची किंवा विरारची गाडी धरून नालासोपाऱ्याच्या खोलीत जाणं झालं आहे. मैत्रीण गावी, ती तिकडे, आणि शेजार परका. अशा वेळी तिकडच्या पोलीस ठाण्याचं नाव, जवळच्या सरकारी रुग्णालयाचं नाव आणि महिला हेल्पलाइनचा १८१ हा नंबर ती निघण्याआधीच तिला पाठ असावा. परतीच्या तिकिटाचे पैसे तिच्या पर्समध्ये न ठेवता मुलाच्या दप्तराच्या अस्तरात ठेवावेत, कारण पर्स आधी तपासली जाते. तिकडे काही घडून ती पुन्हा कुडाळला किंवा खेडला आली, तर तक्रारीसाठी मुंबईला फेऱ्या मारायची गरज नाही. कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज ती तात्पुरती राहते त्या ठिकाणच्या कोर्टात चालतो, आणि छळाची फिर्याद माहेरच्या पोलीस ठाण्यातही घेतली जाऊ शकते, असं सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०१९ मध्ये सांगितलं आहे. ठाण्यात ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ असं उत्तर मिळालं, तर सोबत गेलेल्या मैत्रिणीने या निकालाचा दाखला द्यावा आणि फिर्यादीची प्रत हातात पडल्याशिवाय तिथून उठू नये.