सहायक प्राध्यापक ते सहयोगी प्राध्यापक: पदोन्नतीची फाईल पहिल्या दिवशीच उघडा

"सर, पुढच्या महिन्यात माझी चार वर्षं भरतात. असोसिएटसाठी अर्ज कसा करायचा?" असा फोन वर्षातून चार-पाच वेळा येतोच, कधी गोंदियाहून, कधी यवतमाळहून. मी विचारतो, पेपर किती छापून आले? पलीकडे जरा शांतता. मग उत्तर येतं, "एक पाठवलाय, रिव्ह्यूमध्ये आहे." म्हणजे डॉक्टरांची चार वर्षं भरली, पण पात्रता भरायला अजून वर्ष-दीड वर्ष आहे.

मी विदर्भातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात जनऔषधवैद्यकशास्त्र, म्हणजे कम्युनिटी मेडिसिन, शिकवतो आणि गेली काही वर्षं कॉलेजच्या अंतर्गत छाननीत बसतो. या फायली अडतात त्या हुशारीवर क्वचितच. बहुतेक वेळा अडतात तारखांवर.

पात्रता काय आहे

नियम राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाचे, म्हणजे आपण सगळे ज्याला एनएमसी म्हणतो त्याचे. 2022 ची शिक्षक पात्रता नियमावली आता मागे पडली असून जुलै 2025 पासून नवी नियमावली लागू आहे. नेहमीच्या वाटेचा सांगाडा मात्र ओळखीचाच आहे. एमडी किंवा एमएस, त्यानंतर एक वर्ष सीनियर रेसिडेंट (पदव्युत्तर पदवीनंतरचा निवासी डॉक्टर), मग सहायक प्राध्यापक. त्या पदावर 4 वर्षं आणि 2 शोधनिबंध झाले की सहयोगी प्राध्यापकपदासाठी पात्र. पुढे सहयोगी म्हणून 3 वर्षं आणि एकूण 4 शोधनिबंध, त्यांतले निदान 2 सहयोगी असतानाचे, की प्राध्यापकपदासाठी पात्र. सोबत दोन कोर्स: वैद्यकीय शिक्षणतंत्राचा मूलभूत कोर्स (बीसीएमईटी) आणि जैववैद्यकीय संशोधनाचा मूलभूत कोर्स (बीसीबीआर).

राजपत्रातला आपल्या विषयाचा तक्ता मात्र स्वतः उघडून वाचा. व्हॉट्सअॅपवर फिरणारा सारांश अनेकदा जुन्या नियमावलीचा असतो.

220 खाटांची नवी वाट

ही वाट आपल्या भागासाठी फार महत्त्वाची आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये राज्यात दहा नवी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाली. त्यांतली अमरावती, बुलढाणा, वाशीम, भंडारा आणि गडचिरोली ही पाच आपल्या विदर्भातली. इमारत एक वेळ उभी राहते, शिकवणारा माणूस मिळत नाही, आणि शेजारच्या जिल्हा रुग्णालयात मात्र वीस वर्षं सिझेरियन करणाऱ्या मॅडम असतात, ज्यांना नियमानुसार "शिक्षक" म्हणता येत नव्हतं.

2025 च्या नियमावलीनुसार 220 किंवा त्याहून जास्त खाटांच्या शासकीय रुग्णालयातला पदव्युत्तर पदवीधारक तज्ज्ञ 2 वर्षांच्या अनुभवावर सहायक प्राध्यापक होऊ शकतो, सीनियर रेसिडेन्सी नसली तरी. अनुभव 10 वर्षांचा असेल तर सहयोगी प्राध्यापकपदासाठीही पात्र ठरतो. अट अशी की नेमणुकीनंतर 2 वर्षांत बीसीबीआर पूर्ण झाला पाहिजे. डिप्लोमाधारकांसाठीही दार थोडं उघडलं आहे: शासकीय वैद्यकीय संस्थेत त्या विषयाचं 6 वर्षं काम केलेलं असेल तर सहायक प्राध्यापकपदासाठी विचार होतो.

या वाटेने येणाऱ्यांनी जिल्हा शल्यचिकित्सकांकडून अनुभवाचं प्रमाणपत्र घेताना त्यात तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: विषय, रुग्णालयाची खाटांची संख्या आणि पासून-पर्यंतच्या तारखा. "डॉक्टर या रुग्णालयात समाधानकारक काम करीत आहेत" एवढ्याच ओळीचं प्रमाणपत्र फाईलमध्ये शोभेचं.

दोन कोर्स

बीसीबीआर चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेमार्फत ऑनलाइन होतो. व्याख्यानं घरी बसून ऐकायची, स्वाध्याय मुदतीत भरायचे, परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन द्यायची. इथे माणसं नापास कमी होतात, स्वाध्यायाची मुदत जास्त चुकवतात. कापसाच्या हंगामात अपघात विभागाची ड्युटी लागली की रविवारचा स्वाध्याय राहूनच जातो.

बीसीएमईटीची कार्यशाळा आपल्या कॉलेजात होते, पण ती एनएमसीने नेमलेल्या केंद्राच्या निरीक्षकाच्या देखरेखीखाली झालेली असली पाहिजे. आपल्याकडे वर्ध्याजवळच्या सावंगी मेघेचं जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय असं केंद्र म्हणून ओळखीचं आहे. जागा मोजक्या असतात, आणि विभागप्रमुख सगळ्यांना एकदम सोडत नाहीत. म्हणून रुजू झालेल्या वर्षीच नाव द्या.

शोधनिबंध, म्हणजे खरी गोम

नियम नीट वाचला की तीन चाळण्या दिसतात. पहिली प्रकाराची: मूळ संशोधन, मेटा-अॅनालिसिस, सिस्टिमॅटिक रिव्ह्यू किंवा केस सिरीज. एकट्या रुग्णाचा केस रिपोर्ट कितीही दुर्मीळ असो, यात बसत नाही. दुसरी नियतकालिकाची: मेडलाइन, पबमेड सेंट्रल, सायन्स सायटेशन इंडेक्स, एम्बेस, स्कोपस किंवा डीओएजे यांपैकी कुठल्यातरी सूचीत ते असलं पाहिजे. तिसरी नावाच्या जागेची: पहिल्या तीन लेखकांत तुम्ही असावं, नाहीतर करस्पाँडिंग लेखक, म्हणजे नियतकालिकाशी पत्रव्यवहार करणारा, असावं. सातव्या क्रमांकावर नाव घालून देणारे मित्र प्रेमाने घालतात, पण फाईलला त्याचा उपयोग शून्य.

दुसऱ्या चाळणीत मी स्वतः एकदा अडकलो. निबंध स्वीकारला तेव्हा नियतकालिक सूचीत होतं. फाईल छाननीला गेली तेव्हा सूचीतून काढून टाकलेलं. छाननीवाल्यांनी आजची यादी पाहिली, आणि मी त्या दिवशीची यादी दाखवू शकलो नाही. तेव्हापासून सगळ्यांना सांगतो: निबंध प्रसिद्ध झाला त्याच दिवशी सूचीच्या संकेतस्थळाचं तारखेसह पान छापून फाईलला लावा. "आठ दिवसांत प्रसिद्धी, पैसे आधी" असं पत्र ईमेलवर आलं तर ते पत्र तिथेच सोडा.

आता विषय कुठून आणायचा? इथे मला तरुण सहकाऱ्यांशी भांडावंसं वाटतं. "इथे काय संशोधन होणार, सर? मशीन नाही, निधी नाही." अहो, 1999 मध्ये लॅन्सेटमध्ये गडचिरोलीचा निबंध आला. डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 39 गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूदर तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी कमी दिसला. त्यामागे होता झोपडीत जाऊन वजन करणारा काटा आणि कोणी न चुकवलेली नोंद. देशभरच्या आशाताई आज बाळंतिणीच्या घरी जातात, ती पद्धत तिथली. सेवाग्रामला डॉ. उल्हास जाजू यांनी गावकऱ्यांकडून ज्वारीच्या रूपात वर्गणी घेऊन आरोग्य विमा चालवला. याला नवोपक्रम नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

तुमच्या ओपीडीत सिकलसेलची मुलं आहेत. पावसाळ्यात सर्पदंश येतात. 2017 मध्ये यवतमाळला फवारणीतून झालेल्या विषबाधेने सगळ्यांना हादरवलं, तसे रुग्ण दर खरिपात थोडेफार येतच असतात. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयातल्या प्राध्यापकाला हे रुग्ण मागूनही मिळत नाहीत. तुम्ही ते रोज पाहता आणि केसपेपर रेकॉर्ड रूमला जातो.

फक्त एक गोष्ट आधी करायची. संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी पहिल्या रुग्णाची माहिती घेण्याआधी. समिती आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली आहे ना, हेही पाहून घ्या. माहिती गोळा करून झाल्यावर "मागच्या तारखेने" परवानगी मागायला येणारे मला दरवर्षी भेटतात. ती मिळत नाही, मिळूही नये. औषधाची किंवा उपचाराची चाचणी असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआय या वैद्यकीय चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणीही हवी. जुन्या केसपेपरवरच्या अभ्यासालाही समितीकडे अर्ज लागतो. त्यात संमतिपत्रातून सूट मागता येते, अर्जातून नाही.

साधा हिशोब मांडतो. परवानगीला दोन-तीन महिने, माहितीला एक खरीप, लिहायला आणि दुरुस्त्यांना तेवढाच वेळ, मग नियतकालिकाची वाट. एका निबंधाला दोन वर्षं सहज जातात. चौथ्या वर्षी सुरुवात करणाऱ्याचं काय होतं ते वर आलंच आहे.

कागदपत्रं

एमबीबीएस आणि पदव्युत्तर पदवी, महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेची नोंदणी आणि त्यात पदव्युत्तर अर्हतेची वेगळी नोंद. ही दुसरी नोंद बरेच जण विसरतात. परिषदेचं नूतनीकरण दर 5 वर्षांनी, त्यासाठी 30 क्रेडिट गुण. मुदत संपलेली असेल तर फाईल तिथेच थांबते.

मग प्रत्येक नेमणुकीचे तीन कागद: नियुक्ती आदेश, रुजू अहवाल, कार्यमुक्ती आदेश. आमच्या आस्थापना शाखेतले बाबू फाईल उघडतात आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "ऑर्डर आहे मॅडम, पण रिलिव्हिंग कुठाय?" आधीचं कॉलेज सोडताना घाईत निघालात, आणि आता चारशे किलोमीटरवर त्या एका कागदासाठी फोन करताय, असं होऊ देऊ नका. शासकीय महाविद्यालयात 120 किंवा 364 दिवसांच्या तात्पुरत्या ऑर्डरींवर काम केलेल्यांनी प्रत्येक ऑर्डर आणि मधला प्रत्येक तांत्रिक खंड तारखांसह एका कागदावर मांडून वर लावावा. छाननी करणारा दिवस मोजतो. आपण आधीच मोजून दिले तर त्याचाही जीव भांड्यात पडतो.

याशिवाय फॉर्म 16, दोन्ही कोर्सची प्रमाणपत्रं, निबंधांच्या पूर्ण प्रती, विद्यापीठाची शिक्षक मान्यता आणि हजेरी. 1 मे 2025 पासून हजेरी चेहरा दाखवून, मोबाईलच्या जीपीएससह लागते, आणि 75 टक्के हजेरीचा नियम आहे. ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्रावर ड्युटी असेल आणि तिथे नेटवर्क लागत नसेल तर त्याच दिवशी अधिष्ठाता कार्यालयाला लेखी कळवून पोच घ्या. महिन्याने सांगितलेलं कोणी ऐकत नाही.

लग्नानंतर आडनाव बदललेल्या भगिनींनी पदवीवरचं नाव, परिषदेतलं नाव आणि निबंधावरचं नाव जुळतं का ते पाहावं. जुळत नसेल तर विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद जोडावी. नवे निबंध एकाच नावाने लिहिलेले बरे.

अर्ज कुठे

पात्र होणं वेगळं आणि पदोन्नती मिळणं वेगळं. खासगी किंवा ट्रस्टच्या, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात जाहिरात, निवड समिती, मुलाखत आणि मग विद्यापीठाची मान्यता असा क्रम असतो. अभिमत विद्यापीठं आपली समिती आपणच नेमतात.

शासकीय सेवेत दोन वाटा. एक पदोन्नतीची: ज्येष्ठता यादी, गोपनीय अहवाल, मत्ता व दायित्व विवरण, विभागीय चौकशी प्रलंबित नसल्याचं प्रमाणपत्र, मग विभागीय पदोन्नती समिती. इथे तुम्ही वैयक्तिक अर्ज करून फारसं काही हलत नाही. ज्येष्ठता यादी प्रसिद्ध झाली की तिच्यातली आपली रुजू तारीख तपासणं आणि चुकली असेल तर मुदतीत हरकत घेणं, हेच तुमच्या हातात. दुसरी वाट लोकसेवा आयोगाच्या सरळसेवेची. जाहिरातीची वाट पाहायची आणि अर्ज योग्य मार्गाने, ना-हरकत प्रमाणपत्रासह करायचा. जात वैधता आणि नॉन-क्रीमी लेयरच्या मुदती तेव्हा धावपळीत काढता येत नाहीत.

पेटंट आणि पदं

एखाद्याने सलाइन लटकवायचा स्वस्त स्टँड बनवला किंवा सर्पदंशाच्या रुग्णासाठी गाडीतली पेटी रचली, तर पेटंटचा विचार जरूर करावा. शैक्षणिक संस्थेला शुल्कात 80 टक्के सवलत आहे. तात्पुरता मसुदा भरला की पूर्ण मसुद्याला 12 महिने मिळतात. पण आधी अर्ज, मग परिषदेत पोस्टर. उलट केलं तर नावीन्यच जातं. आणि पेटंटने निबंधाची अट भरत नाही.

वैद्यकीय शिक्षण विभागाचं समन्वयकपद, नैतिकता समितीचं सदस्यसचिवपद यांना पात्रतेच्या तक्त्यात गुण नाहीत, मुलाखतीत मात्र विचारलं जातं. अशा कामाचं लेखी कार्यालयीन आदेशपत्र मागून घ्या. "सरांनी तोंडी सांगितलं होतं" हे फाईलला लावता येत नाही.

अर्ज दिला की आवक क्रमांक आणि तारीख असलेली पोच घ्या, आणि तिची एक प्रत घरी ठेवा.