कार्ड बसलं, पण कामाला लागलं का?

मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा बांधायचा, सर्व्हरचं झाकण काढायचं, पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमध्ये (जादा कार्डं बसवायच्या खाचेत) कार्ड नीट बसेपर्यंत दाबायचं आणि पॉवर केबल जोडायची. क्लस्टरमध्ये, म्हणजे एकत्र जोडलेल्या सर्व्हरच्या समूहात, कोप्रोसेसर (मुख्य प्रोसेसरला जड आकडेमोडीत मदत करणारं कार्ड) बसवण्याच्या प्रात्यक्षिकातला हा भाग चहाच्या आधी उरकतो. उरलेला सगळा वेळ जातो तो कार्डाला कामाला लावण्यात.

उदाहरण म्हणून इंटेलचं झिऑन फाय ५११०पी घेऊ. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने फेब्रुवारी २०१३ मध्ये ‘परम युवा २’ हा महासंगणक सुरू केला, त्यात झिऑन फाय कार्डंच होती. आधीच्या परम युवाची कमाल क्षमता ५४ टेराफ्लॉप्स, याची ५२४. वीज मात्र सुमारे ३५ टक्के कमी. एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी दशांश आकडेमोडी.

या कार्डावर ६० कोअर, म्हणजे आकडेमोड करणारे ६० स्वतंत्र गाभे असतात. एकेकटा कोअर तसा संथच, जेमतेम १ गिगाहर्ट्झचा. पण पंगतीत एकेका पानाला न वाढता आठ पानांना एकदम वाढावं, तसा तो आठ संख्यांवर एका फटक्यात गुणाकार-बेरीज करतो. ६० कोअर, ८ संख्या, २ क्रिया आणि सेकंदाला १.०५३ अब्ज ठोके. गुणाकार केला की एक टेराफ्लॉप निघतो. प्रोग्रॅम पंगतीच्या शिस्तीत लिहिलेला नसेल, तर यातलं फारसं काही हाती लागत नाही.

खरी गंमत म्हणजे कार्डावर स्वतःची लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम चालते. त्याला आयपी पत्ता असतो, ‘मिक-शून्य’ या नावाने एसएसएच करून (नेटवर्कवरून लॉगिन करून) आत शिरता येतं. संगणकाच्या पोटात दुसरा संगणक! आणि तिथेच शिकाऊ मंडळी फसतात. आत हार्ड डिस्क नाही. फाइल कॉपी केली की ती कार्डाच्या ८ जीबी मेमरीतच जाऊन बसते. मोठी डेटा फाइल टाकली की गणिताला जागा उरत नाही. म्हणून होम डिरेक्टरी नेटवर्कवरून जोडून घ्यायची.

त्याआधीचे अडथळे वेगळेच. कार्डाला मेमरीच्या पत्त्यांची मोठी जागा लागते. बायोसमधला (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमधला) ‘४ जीच्या वर’ (अबव्ह ४जी डिकोडिंग) हा पर्याय बंद असेल, तर कार्ड स्लॉटमध्ये असूनही नसल्यासारखंच. यजमान सर्व्हरचं, म्हणजे कार्ड ज्यात बसवलंय त्याचं, कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) अपडेट केलं आणि ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) नव्याने बांधला नाही, तर काल चालणारं कार्ड आज मुकं. शिवाय २२५ वॅटच्या या कार्डाला स्वतःचा पंखा नाही. झाकण उघडं ठेवलं की थंड राहील, हा घरगुती समज इथे उलटा पडतो: सर्व्हरच्या पंख्यांची हवा वरच्या वर निसटते आणि तापमान चढत जातं.

एवढं सगळं जमल्यावर शिकाऊ माणूस उत्साहाने पहिला प्रोग्रॅम लिहितो, दोन लांबलचक याद्यांची बेरीज. प्रत्येक यादी १ जीबीची. स्लॉटमधून सेकंदाला साधारण ६ जीबी जातात, म्हणजे दोन याद्या पाठवून उत्तर परत आणायला अर्धा सेकंद. कार्डावरची प्रत्यक्ष बेरीज मात्र सेकंदाच्या पन्नासाव्या भागात संपते. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला! तीच बेरीज यजमान प्रोसेसरने घरच्या घरी याहून कितीतरी लवकर केली असती.

याउलट १०,००० ओळी आणि १०,००० स्तंभांच्या दोन मॅट्रिक्सचा गुणाकार घ्या. ने-आण सुमारे २.४ जीबी, पण आकडेमोड दोन लाख कोटी. इथे वाहतुकीचे ०.४ सेकंद सहज पचतात, कारण कार्डाला दोन सेकंदांहून जास्त राबायचं असतं. मॅट्रिक्सचा आकार वाढवत जाऊन कार्ड आणि यजमान प्रोसेसर यांचा वेग शेजारी शेजारी मांडणारा आलेख मला प्रशिक्षणात सर्वांत मोलाचा वाटतो. मॅट्रिक्स लहान असेपर्यंत कार्ड हरतं, मग एका आकारापाशी दोघांच्या रेषा छेदतात आणि कार्ड पुढे निघून जातं. ती जागा प्रत्येकाने आपल्या हाताने शोधायची.

झिऑन फायची मालिका इंटेलने पुढे बंद केली. आता त्या स्लॉटमध्ये बहुधा जीपीयू, म्हणजे ग्राफिक्स प्रोसेसर असतो. कार्ड दिसत नसेल, तर बायोसमधला तो ‘४ जीच्या वर’ पर्याय आजही आधी तपासावा लागतो.