ब्रेक ऑइल : डॉटपुढचा आकडा काय सांगतो?

‘डॉटपुढचा आकडा जितका मोठा तितके ब्रेक ऑइल चांगले, म्हणून जुन्या टूरिंग मोटरसायकलमध्ये सरळ डॉट ५ भरा,’ हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे. ‘डॉट’ ही ब्रेक ऑइलची श्रेणी दाखवणारी अमेरिकी मानकाची खूण. उकळबिंदूपुरते पाहिले तर तो रास्त वाटतो, कारण ताज्या डॉट ४ चा किमान उकळबिंदू २३० अंश सेल्सिअस, तर डॉट ५ चा २६०. परंतु डॉट ३, ४ आणि ५.१ ही ग्लायकॉलवर आधारित असतात व डॉट ५ सिलिकॉनचे असते. हे दोन प्रकार एकमेकांत मिसळत नाहीत. सिलिकॉन पाणी शोषत नसल्यामुळे ठाण्याच्या पावसाळी हवेतून आत शिरलेली ओल विरघळण्याऐवजी कॅलिपरच्या (चाकाजवळ ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाच्या) तळाशी साचते, तेथे गंज चढतो आणि माळशेज घाट उतरताना कॅलिपर तापला की त्याच पाण्याची वाफ होऊन ब्रेकचा लिव्हर मऊ पडू शकतो.

मास्टर सिलिंडरच्या (लिव्हर दाबताच ऑइल पुढे ढकलणाऱ्या भागाच्या) झाकणावर कोणते ऑइल घालायचे ते बहुधा कोरलेले असते. काही जुन्या हार्ले-डेव्हिडसन गाड्यांवर डॉट ५ च लिहिलेले आढळते, तेथे तेच योग्य. गाडीत आधी काय भरले आहे याची शंका असल्यास थेंबभर ऑइल पाण्यात टाकून ढवळावे : ग्लायकॉल मिसळून जाते, सिलिकॉन वेगळे राहते. ग्लायकॉलचा थेंब पेट्रोलच्या टाकीवर मात्र सांडू देऊ नये, रंग निघतो.